केतकी मराठीत बोलली त्या दिवशी

टेंगळाकडे बघू नका, मुलाकडे बघा. हे वाक्य मी इतक्या आयांना, बापांना, खेळाच्या मास्तरांना आणि दोन मुख्याध्यापिकांना ऐकवलंय की माझी मुलगी एकदा चिडून म्हणाली, "आई, दारावर नावाऐवजी हेच लिहून टाक ना." दिल्लीतल्या आपल्या मराठी अंकाच्या संपादकांनी मला 'शाळेच्या दवाखान्यातल्या गमती' लिहायला सांगितलं आहे. गमती लिहिते, पण सुरुवात या वाक्यानेच करणार. ज्यांना नुसत्या गमती हव्यात त्यांनी पुढची कविता वाचावी.

मूल डोक्यावर पडलं की लोक टेंगूळ मोजतात. बटाट्याएवढं आलं की घर डोक्यावर घेतात, काहीच आलं नाही की पाठीवर थाप मारून खेळायला पाठवतात. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. ते बाहेरचं. आत काय झालं ते टेंगूळ सांगत नाही. मी आयांना दह्याच्या डब्याचं उदाहरण द्यायचे. स्टीलचा डबा हातातून पडला, उचलून पाहिला, पोचासुद्धा नाही. झाकण उघडलं तर आतलं दही मोडलेलं. मेंदूला बसलेला हादरा हा असा असतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. डबा शाबूत, दही मोडलेलं. बहुतेक वेळा स्कॅनमध्येही काही दिसत नाही आणि थोड्या विश्रांतीने मूल सावरतं. पण कधी आत रक्त साचत असतं, आणि मूल तासभर हसतंखेळतं दिसून मग ढासळतं. हा फरक ओळखायचा, एवढंच माझं काम होतं. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलटी, जागं करूनही जागं न होणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणं, झटका येणं, हातपाय लुळे पडणं, नाकाकानातून पाण्यासारखं काही गळणं. यातलं एकही दिसलं तर कोणाची वाट बघायची नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका सरदारजी आजोबांनी पडलेल्या नातवाला झोप येऊ नये म्हणून दोन तास अंताक्षरी खेळायला लावली होती. नातू ठणठणीत होता, आजोबांचा घसा मात्र बसला. झोपू द्यायचं नाही हा समज दिल्लीतही तितकाच पक्का आहे. आधी नीट तपासून घ्या, मग मुलाला झोपू द्या. फक्त डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मधे उठवून बघा, हे त्यांना पटवता पटवता माझाही घसा बसला.

हे सगळं मला शिकवलं कुरुविला सिस्टरनी. मी पहाडगंजात वाढले, तिथल्याच मराठी शाळेत शिकले. वडील रेल्वेत कारकून, घरात आम्ही पाच जणी. नर्सिंगचा फॉर्म मी स्वतः आणला, स्वतः भरला. पुढे अठरा वर्षं एका सरकारी इस्पितळात होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. तिथे कुरुविला सिस्टर इन्चार्ज होत्या. त्यांची हिंदी भयंकर आणि नजर त्याहून. टॉर्च, बीपी, बाहुल्या सगळं झालं की त्या म्हणायच्या, "सुमन, अब माँ से पूछो. बच्चा रोज़ जैसा है कि नहीं? रोज़ का बच्चा तुमको मालूम नहीं, माँ को मालूम." मूल रोजच्यासारखं आहे का, हा शेवटचा प्रश्न. तो विचारल्याशिवाय त्या कोणालाही घरी सोडत नसत.

त्या निवृत्त झाल्यावर इन्चार्जची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला दिली. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "आपका स्वभाव." स्वभाव माझा तापट आहे हे मला माहीत आहे, त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. मी राजीनामा टेबलावर ठेवला. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही, कारण त्याच रागात मी यमुना ओलांडली.

नव्वदीच्या दशकाचा तो मध्य. जमनापार म्हटलं की आमच्या ओळखीचे लोक नाक मुरडायचे, आणि तेच लोक तिकडे फ्लॅट बुक करत होते. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते. रस्ता आधी, दिवे नंतर, टेलिफोन त्याच्याही नंतर. आणि शाळा! संगमरवरी व्हरांडा, एसी खोलीतले कॉम्प्युटर, आणि एका शाळेत तर स्केटिंगची गुळगुळीत रिंकसुद्धा व्हायची होती. त्या शाळेला नर्स हवी होती.

मुलाखत घेतली भाटियांनी. ते शाळेचे व्यवस्थापक. आवाज गोड, बोटांत तीन अंगठ्या. मी अटी सांगितल्या. मेडिकल रूममध्ये खिडकीजवळ पलंग आणि खोलीची किल्ली माझ्याकडे. माझ्या टेबलावर थेट लाइनचा फोन. आणि मूल दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी मिळायला कोणाची परवानगी लागणार नाही.

"मैडम," भाटिया म्हणाले, "नौकरी माँगने आई हैं या स्कूल ख़रीदने?"

"अभी देख रही हूँ," मी म्हटलं. "पसंद आया तो बताऊँगी."

ते हसले. पलंग दिला, फोन दिला. तिसऱ्या अटीवर मात्र अडले. गाडी ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय हलणार नाही म्हणाले. मग मी चौथी अट काढली. माझ्या मेधाला सहावीत प्रवेश. दिल्लीत चांगल्या शाळेत प्रवेश मिळवणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. भाटियांनी अंगठ्या फिरवल्या आणि म्हणाले, "तीसरी छोड़ दीजिए, चौथी ले लीजिए."

मी घेतली. पायऱ्या उतरताना मला वाटत होतं, मी जिंकले.

केतकी सबनीस पाचवीत होती. वडील श्रीकांत एका कॉम्प्युटर कंपनीत, आई वैशाली. पुण्याहून आलेलं कुटुंब, पण मुलगी तीन वर्षांची असल्यापासून इथेच. घरी मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्या शाळेत मराठी मुलं चार-पाचच, आणि मला मराठी बोलायची भूक. मी व्हरांड्यात तिला गाठून विचारायचे, "काय गं केतकी, डब्यात काय आज?" ती इकडेतिकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "मैम, यहाँ मत बोलो ना, प्लीज़." मैत्रिणींसमोर तिला लाज वाटायची. मला राग यायचा. पोर आपलं, भाषा आपली, लाज कसली? वैशालीकडे मी एकदा तक्रारही केली होती.

रिंक सुरू होऊन महिना झाला होता. शाळेने चाळीस हेल्मेटं आणली होती, लाल रंगाची, शाळेचं बोधचिन्ह छापलेली. ती कुलपात होती. वार्षिक समारंभाला पाहुण्यांसमोर मुलं नवीकोरी हेल्मेटं घालून उतरावीत अशी भाटियांची इच्छा. मी दोनदा भांडले. "रोज़ पहनेंगे तो पुरानी हो जाएँगी ना, सिस्टर," हे उत्तर. तिसऱ्यांदा भांडायला हवं होतं.

त्या दिवशी अकराच्या सुमारास केतकी स्वतःच्या पायांनी चालत माझ्या खोलीत आली. सोबत खेळाचे मास्तर. "गिर गई थी, ठीक है," म्हणाले आणि गेले. उजव्या कानामागे थोडं लाल होतं. टेंगूळ नाही. उलटी नाही. बाहुल्या सारख्या. हातपाय व्यवस्थित. मी विचारलं, "क्या हुआ केतकी?"

"पडले," ती म्हणाली. "मावशी, पाणी दे ना."

काय सांगू! दीड वर्षात पहिल्यांदा ती मराठीत बोलली होती, आणि मावशी म्हणाली होती. मी हरखले. पाणी दिलं, पलंगावर निजवलं, कपाळावर हात ठेवला. तिने विचारलं, "पाहुणे गेले का?" मला वाटलं घरी कोणी पाहुणे आले असतील, पोरीला घरची आठवण येतेय. "जातील गं, तू पड," मी म्हटलं. माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू काढून अर्धा तिला दिला. तिने खाल्लासुद्धा नाही, हातात धरून ठेवला. मला वाटलं, नंतर खाईल.

अर्ध्या तासाने मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'स्केटिंग करताना पडली. उलटी नाही. बाहुल्या समान. छान बोलते आहे. अर्धा तास विश्रांती. वर्गात पाठवली.'

छान बोलते आहे. हे माझ्या हातचं अक्षर आहे.

कुरुविला सिस्टरांचा शेवटचा प्रश्न मी विचारला नाही. विचारायला आई तिथे नव्हती हे खरं. पण या मुलीच्या बाबतीत उत्तर मला स्वतःलाच माहीत होतं. रोजची केतकी माझ्याशी मराठी बोलत नाही. माझ्यासमोर जे मूल होतं ते रोजच्यासारखं नव्हतं, आणि मला तेच गोड लागलं.

दीड वाजता शाळा सुटली. मुलं बसमध्ये धक्काबुक्की करतात म्हणून मी रोज रांगेपाशी उभी राहायचे. केतकीची मैत्रीण हरलीन, दोन वेण्या, कायम तक्रारीच्या सुरात बोलणारी, माझी ओढणी ओढायला लागली.

"सिस्टर मैम, केतकी को डाँटो ना. कब से अपनी वाली भाषा में बोले जा रही है. मैं बोल रही हूँ हिंदी में बोल, मानती ही नहीं. ड्रॉइंग वाली मैम को भी वैसे ही बोली."

"क्लास में क्या किया इसने?"

"सोई रही. मैम बोलीं सोने दो, गिरी थी."

केतकी शेजारीच उभी होती. ती हरलीनला म्हणाली, "माझी चप्पल तूच घेतलीस. पाहुणे गेले की दे."

मी खाली बसले आणि मुद्दाम हिंदीत विचारलं, "केतकी, अभी तुम कहाँ हो?"

समोर पिवळी बस, इंजिन सुरू, चारशे मुलांचा गलका. ती म्हणाली, "घरीच." आणि माझ्या बुटांवर ओकली.

भाटिया पोर्चमध्येच होते. मुख्याध्यापिका दिल्लीला बैठकीला गेलेल्या. मी गाडी मागितली. त्यांनी केतकीकडे लांबूनच पाहिलं. "एक उलटी तो धूप से भी हो जाती है. बस से घर जाने दीजिए, पेरेंट्स देख लेंगे. परमिशन के लिए प्रिंसिपल मैडम चाहिए, आपको तो मालूम है." मला मालूम होतं. त्या अटीवर मीच तर सही केली होती.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडून भाटिया हलणार नव्हते. मी गेटकडे पाहिलं. गेटबाहेर पालकांच्या तीस-चाळीस मारुती उभ्या होत्या.

"ठीक है," मी म्हटलं. "मैं बच्ची को गोद में लेकर गेट पर खड़ी होती हूँ और सब पेरेंट्स से पूछती हूँ, कौन हॉस्पिटल छोड़ देगा, स्कूल के पास गाड़ी नहीं है. और हाँ, पूछेंगे तो हेलमेट का भी बताऊँगी."

चेअरमनची पांढरी गाडी एका मिनिटात समोर आली.

सबनीसांच्या सोसायटीत अजून टेलिफोन पोचले नव्हते. हरलीन त्याच इमारतीत राहायची. मी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली आणि बसच्या कंडक्टरला सांगितलं की सबनीसांचं दार उघडेपर्यंत हिच्यासोबत उभं राहायचं. श्रीकांतरावांकडे पेजर होता, त्यावर हॉस्पिटलचं नाव पाठवायला ऑफिसात बजावलं. हरलीन विचारत होती, "मैंने चुग़ली की, इसलिए ले जा रहे हो?" मी म्हटलं, "तूने चुग़ली की, इसलिए बचा पा रहे हैं." तिला ते कळलं नाही. मला स्वतःला ते कळायला आणखी काही दिवस लागले.

हॉस्पिटल नवीन होतं, स्कॅनचं मशीन त्याहून नवीन. काउंटरवरचा माणूस म्हणाला, नातेवाइकाची सही हवी. मी फॉर्म ओढला, सही केली. "रिश्ता?" त्याने विचारलं. मी लिहिलं, मौसी. तिने हाक मारली होती ना, मग झालं.

आतल्या तरुण डॉक्टरांनी केतकीला तपासलं. ती सारखं काहीतरी पुटपुटत होती. "क्या बोल रही है?"

"पूछ रही है, मेहमान गए कि नहीं."

"कौन से मेहमान?"

"कोई नहीं है, डॉक्टर साहब. वो अपने घर में है. हम लोग नहीं हैं वहाँ."

त्यांनी लगेच स्कॅनला घेतलं. स्कॅनसाठी डोकं जराही हलता कामा नये आणि पोर उठून बसायला बघत होती. झोपेचं औषध द्यायचं तर तिची शुद्ध कशी आहे हेच कळेनासं झालं असतं. मी शिशाचा जड एप्रन घातला, तिचे पाय धरून उभी राहिले आणि कुजबुजले, "केतकी, पाहुणे झोपलेत. हललीस तर उठतील." ती दगडासारखी स्तब्ध झाली. मशीन गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं. पोर पापणीसुद्धा लववत नव्हती.

कानामागच्या हाडाला केसाएवढी चीर, आणि त्याच्या आत रक्ताचा एक पातळ थर. मेंदूचे सर्जन दिल्लीहून संध्याकाळी आले. म्हणाले, आत्ता उघडायची गरज नाही. डोळ्यांसमोर ठेवू, सकाळी पुन्हा स्कॅन करू. थर वाढला तर लगेच ऑपरेशन. घरी जाऊन झोपली असती आणि कोणाला कळलं नसतं तर, एवढं बोलून ते थांबले. वैशाली माझी चिठ्ठी मुठीत धरून बसली होती, घामाने शाई पुसट झाली होती. श्रीकांतराव भिंतीला टेकून उभे. दोघंही मला सारखं म्हणत होती, "तुम्ही होतात म्हणून." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं विनय आहे.

सकाळी स्कॅन झालं. थर तेवढाच होता. मी दार ढकलून आत गेले तेव्हा केतकी तिथल्या नर्सला सांगत होती, "मुझे बाथरूम जाना है." मला बघून तिने भुवया उंचावल्या. "सिस्टर मैम? आप यहाँ? स्कूल नहीं है?" मी बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आयुष्यात हिंदी इतकी गोड कधी लागली नव्हती.

चौथ्या दिवशी भाटियांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला. माझं रजिस्टर त्यांच्या टेबलावर होतं, शेजारी त्याच छापाचा एक कोरा कागद.

"सिस्टर, इसमें तो लिखा है क्लास में भेज दी. ये आपके लिए अच्छा नहीं है. आप नया पन्ना लिख दीजिए. बच्ची छुट्टी तक मेडिकल रूम में थी, आपकी निगरानी में. और हेलमेट पहने थी. आपका भी भला, हमारा भी." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बेटी भी तो यहीं पढ़ती है."

मी ताडकन उठून कागद फाडला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी नेला. मेधा सातवीत गेली होती, भूगोलाचा नकाशा रंगवत होती. सौदा चांगला होता. मी आयुष्यभर सौदे केलेत, भाजीवालीपासून मेट्रनपर्यंत, मला चांगला सौदा कळतो. माझी चूक झाकली जाणार, त्यांची झाकली जाणार, पोर बरी होतेच आहे, मग कोणाचं काय गेलं? जेवताना मी हे स्वतःला तीनदा समजावलं. घास खाली उतरेना. वैशाली मुलीला घेऊन घरी जाणार होती, आणि पुढचे दिवस तिला केतकीकडे बारकाईने बघावं लागणार होतं. शाळेतली शिकलेली नर्स नेमकी कशाने फसली हे तिला माहीत नसेल, तर तीही तिथेच फसणार. पोर लाडात येऊन काही वेगळं बोलेल आणि आई हरखेल.

सकाळी मी भाटियांसमोर कागद ठेवला. कोराच. "मेरी शर्त सुन लीजिए," मी म्हटलं. "मैं अपनी ग़लती लिखती हूँ, आप अपनी लिखिए. एक ही पन्ने पर, दोनों के साइन."

"आप छुट्टी पर चली जाइए," ते म्हणाले. आवाजात गोडवा उरला नव्हता.

संध्याकाळी सबनीसांच्या घरी गेले. केतकी आत झोपली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती मराठीत बोलली, मला आनंद झाला, मी लाडू दिला, अर्ध्या तासात वर्गात पाठवलं. तिथे ती दोन तास बाकावर डोकं ठेवून होती. गाडीची अट मी सोडली होती आणि कशाच्या बदल्यात सोडली होती, तेही. हेल्मेटं कुलपात होती, तेही.

श्रीकांतरावांचा चेहरा काळवंडला. "दोन तास?" ते म्हणाले. "दोन तास तुम्ही..." आणि मग जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज चढवून बोलले. मी उत्तर दिलं नाही. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं.

वैशालीने खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हणाली. "म्हणजे ती जास्त गोड वागली तरी ते चांगलंच असेल असं नाही?"

"नाही."

"मग काय काय बघायचं ते सगळं सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते." आणि दुसऱ्या दिवशीही या म्हणाली.

नोकरी वाचली, ती या दोघांमुळे. श्रीकांतरावांनी चेअरमनना पत्र लिहिलं. पहिली चूक माझी लिहिली, दुसरी शाळेची, आणि शेवटी एक ओळ: दोन्ही आम्हाला सिस्टरनेच सांगितल्या. तशा बाईला काढणं चेअरमनना अवघड गेलं असावं. हेल्मेटं बाहेर आली. गाडीचा अधिकार मला लेखी मिळाला. मेधा त्याच शाळेतून बारावी झाली. मला ताकीदपत्र मिळालं, ते योग्यच होतं, अजून फायलीत आहे. पण नंतर मी पालकांसाठी एकपानी पत्रक तयार केलं, दह्याच्या डब्यासकट, शेवटच्या प्रश्नासकट, ते शाळेने छापलं तेव्हा खाली नाव होतं महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरसाहेबांचं. ताकीदपत्रावर माझं नाव, पत्रकावर त्यांचं. हे मी विसरलेले नाही. संपादकांनी ही ओळ कापू नये.

सहा आठवडे मी रोज शाळा सुटल्यावर सबनीसांकडे जात होते. रक्ताचा थर हळूहळू विरून गेला, पण दही जुळून यायला वेळ लागतो. लोकांना वाटतं डोक्याला मार म्हणजे टाके, पट्टी आणि संपलं. या मुलांना उजेड सहन होत नाही, कुकरची शिट्टी सहन होत नाही. हुशार पोर, चौथ्या ओळीला अक्षरं पोहतायत म्हणून पुस्तक मिटायची. सातचा पाढा अर्ध्यात सुटला तेव्हा वैशाली ओट्याशी जाऊन रडली. तिला मी सांगितलं, औषध फक्त वेळ आहे, आणि तो मोजूनमापून द्यायचा. आधी नुसती विश्रांती, टीव्ही बंद. मग दहा मिनिटं वाचन. डोकं दुखलं तर थांबायचं, नाही दुखलं तर पुढच्या दिवशी पंधरा. मग शाळेचे दोन तास, मग चार. खेळ सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर फार वाईट. मुख्याध्यापिकांना परीक्षेची घाई होती. तिथे मी पुन्हा माझ्या मूळ स्वभावावर आले आणि दोन चाचण्या माफ करून घेतल्या.

हरलीन रोज संध्याकाळी यायची आणि शाळेतल्या सगळ्यांच्या तक्रारी सांगायची. केतकी हसायची. त्या पोरीचं माझ्यावर जे ऋण आहे ते या लेखाने फिटणार नाही. तिने काही ओळखलं नव्हतं, तिला टॉर्च आणि बाहुल्या माहीत नव्हत्या. तिला फक्त रोजची केतकी माहीत होती आणि आज ती तशी नाही याचा राग आला होता.

या सगळ्या दिवसांत श्रीकांतराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी आले की दार उघडायचे, बाजूला व्हायचे, आत जायचे. मला त्यात चूक दिसली नाही. त्यांच्या जागी मी असते तर दारही उघडलं नसतं.

सर्जननी शेवटची तपासणी करून सगळं ठीक म्हटलं, त्या संध्याकाळी केतकीने मला अख्खा धडा वाचून दाखवला, न अडखळता, आणि वर म्हणाली, "अब बस, बोरिंग है." वैशालीने हातावर साखर ठेवली. मी निघाले तेव्हा श्रीकांतराव स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभे होते. "सोडतो," म्हणाले.

बसस्टॉपपाशी मी उतरले. त्यांनी स्कूटर बंद केली, पण निघाले नाहीत. दूरवर ब्लूलाइन बसचे दिवे दिसले.

"डॉक्टर म्हणाले, आता रोज यायची गरज नाही," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

"हो. नाहीच."

बस येऊन थांबली. त्यांनी किक मारली, आणि त्या आवाजात म्हणाले, "पण या."

"रोज जमणार नाही," मी म्हटलं. "रविवारी."

"रविवारी मग. जेवायलाच या."

"जेवण नको, चहा."

"जेवण," ते म्हणाले. कंडक्टर दार बडवून ओरडत होता, मॅडम चढायचंय की नाही. मी त्याच्यावर ओरडले, श्रीकांतरावांना म्हटलं, "बरं, जेवण," आणि चढले.